फुलाचं दुसरं अर्धं

ब्राह्मणपाऱ्यातल्या दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली असताना, समोरच्या काचेच्या टाकीतलं समुद्रफूल आपलं आहे हे मंजिरीला कळलं. आत आल्या आल्या तिने टाकीकडे बघितलंही नव्हतं. नवा रायपूरहून परतताना ऑफिसच्या बसमध्ये फुटाणे चावता चावता उजवीकडची दाढ कडकन तुटली होती, आणि शहर येईपर्यंत कळ कानापर्यंत चढली होती. शेजारी बसणाऱ्या चेतनाने आपल्या ओळखीतल्या डॉक्टरांकडे फोन करून वेळ घेतली होती, ती स्वतःच्याच नावाने. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीने "चेतना मॅडम?" असं विचारलं तेव्हा मंजिरीने नुसती मान हलवली. तोंड उघडलं की दाढेला हवा लागत होती. मग ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि दुखणं विसरायला काहीतरी बघावं म्हणून टाकीकडे बघू लागली. खाऱ्या पाण्याची टाकी रायपुरात कुणाकडे असली की तिला आधी आनंदच व्हायचा. समुद्रापासून इतक्या लांबच्या या गावात, जिथे उन्हाळ्यात नळाचं पाणी हाताला चटके देतं, तिथे कुणीतरी आणखी आपल्यासारखा वेडा आहे, असं वाटायचं. टाकी लहान होती, पण स्वच्छ. दोन नारिंगी जोकरमासे होते. आणि मध्यभागी दगडावर ते फूल, खरं तर फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, तांबूस गुलाबी, फुगीर टोकांची बोटं पाण्याच्या लाटेबरोबर हलवत. एका बाजूची थोडी बोटं मात्र हिरवट. कुठल्याशा लग्नात अनोळखी बाईच्या अंगावर आपलीच साडी दिसावी तसं तिला झालं. अशा रंगाची फुलं आणखीही असतील, असं ती स्वतःला सांगू लागली होती, तेवढ्यात तिला दगड दिसला. दगडाच्या बुडाशी राखाडी पुट्टी होती, त्या पुट्टीत निळ्या काठाच्या बशीचा तुकडा रुतवलेला होता, आणि तुकड्याच्या वर अंगठ्याचा खळगा होता. तो अंगठा तिचा होता. दगड डगमगतो म्हणून बशीचा तुकडा पाचरीसारखा घालून तिने स्वतः तो दाबून बसवला होता, बुढापाऱ्यातल्या आपल्या घरी, आणि देवश्रीताईने तेव्हा कंदिलासारखा मोबाइल वर धरून उजेड दाखवला होता.

मागच्या उन्हाळ्यात ऑफिसने तिला हैदराबादला ट्रेनिंगला पाठवलं होतं. ती तिकडे असताना एका दुपारी ताईचा फोन आला. "मंजू, फुलाचे दोन झाले गं! मधातून ताणत ताणत गेलं अन् चक्क दोन झाले. मी तर घाबरली. मले वाटलं फाटलंच." मंजिरी ट्रेनिंगच्या हॉलबाहेर व्हरांड्यात उभी राहून हसत सुटली होती. समुद्रफूल असं स्वतःचं स्वतः दुभंगतं आणि दोन्ही अर्धी पुन्हा पुरती होतात, हे तिने वाचलं होतं. आपल्या घरी ते घडावं, आणि नेमकं आपण नसताना घडावं, याची तिला हळहळही वाटली होती. परत आली तेव्हा टाकीत एकच फूल होतं, आक्रसलेलं. ताई दारातच रडायला लागली. दुसरं सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी गेलं, त्यात ओढलं गेलं, पाणी सगळं गढूळ झालं, वास सुटला म्हणून फेकून दिलं, असं ती हुंदके देत सांगत होती. तो दगडही कुठे दिसला नाही. त्यालाही घाण चिकटली होती म्हणे, तोही फेकला. मंजिरीने तिला जवळ घेतलं होतं. प्रवासाचे कपडेही न बदलता ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली होती. "जाऊ दे ना ताई, तुझी काय चूक? एक तर वाचवलंस." आता बाकावर बसून तिला तो हात आठवत होता. ताईची पाठ हुंदक्यांनी हलत होती ती आठवत होती. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

आतून हाक आली. डॉक्टर साठीकडे झुकलेले, उंच, बारीक आवाजाचे. दाढेला त्यांचा आरसा लागला तशी ती "आई गं" म्हणून गेली, आणि ते एकदम खुलले. "मराठी का तुम्ही? मग हिंदीत काहून बोलून राहिलो आपण? मी आर्वीचा. वासुदेव पांढरीपांडे." त्यांनी हिरडीत सुई दिली, गाल बधिर व्हायची वाट बघितली, मग तोंडात कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या आणि कामाला लागले. काम करताना बोलायची त्यांना सवय होती. समोरचं माणूस उत्तर देऊ शकत नाही हे त्यांच्या लक्षातही येत नसावं. "बाहेर टाकी पाहिली का? सगळे पेशंट तिच्यातच रमतात. माझं काही नाही त्यात. एक ओळखीच्या बाई आहेत, देवश्रीताई. रूट कॅनलले आल्या होत्या अडीचएक वर्षं झाली. त्यांनी दिलं ते फूल. पाणी कसं बनवायचं, मीठ किती, सगळं शिकवलं. दर गुरुवारी येतात, कोळंबीचे तुकडे करून भरवतात त्याले. डावीकडं पाहा जरा... हां." यंत्राचा आवाज तिच्या कवटीत घुमत होता. दाढेत काहीच जाणवत नव्हतं. गुरुवारी ताई भजनाला जायची. गेली अडीच वर्षं. "फार चांगल्या बाई," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा उतरला. "पण थांबत नाहीत. सारखं लक्ष घड्याळाकडं. घरी बहीण असते त्यांची, आजारी. शरीरानं नाही, हे..." त्यांनी मोकळ्या हाताचं बोट स्वतःच्या कपाळाशी नेलं. "एकटं सोडता येत नाही तिले. बिचाऱ्यांचा जन्म गेला त्यातच. मी म्हटलं, आणा तिलेही इथं, आपण सांभाळू. माझी आई आहे, घर मोठं आहे. तर म्हणतात, नाही, ती नव्या माणसाले घाबरते. आता तोंड मिटू नका बरं."

तोंड उघडं, नजर वरच्या दिव्यात, जीभ कापसाखाली दबलेली, अशी ती पडून राहिली. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं तेव्हा डॉक्टरांनी "दुखून राहिलं का?" विचारून आणखी थोडं औषध दिलं. तिच्या डोक्यात मात्र एक वाक्य येऊन थांबलं होतं. "आता बरं आहे ना तुले?" हे वाक्य तिला रणजितच्या आईने विचारलं होतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, तिचा हात दोन्ही हातांत धरून, फार मायेने. रणजित तिच्या पहिल्या ऑफिसातला. घरी येऊन गेलेला, बाबांच्या पश्चात ताईशीच बोलणी करून गेलेला. मग एकाएकी त्याचं येणं थांबलं. ऑफिसात तो तिच्याशी हळू आवाजात बोलू लागला, दार उघडून धरू लागला, तिने फाईल उचलली तर ती तिच्या हातातून घेऊ लागला, आणि वर्षभरात बिलासपूरच्या एका मुलीशी लग्न करून बदली घेऊन निघून गेला. मंजिरीने तेव्हा स्वतःच्या रंगात, बोलण्यात, हसण्यात, सगळीकडे कारण शोधलं होतं. आरशासमोर उभी राहून हसताना हिरड्या किती दिसतात हे पाहिलं होतं. पुढे स्थळं यायची तीही अशीच, एकदा येऊन, आदराने बोलून, परत न फिरकणारी. आणि प्रत्येक वेळी ताई रात्रीच्या भाकरी थापता थापता म्हणायची, "आपण दोघी पुरे आहोत गं मंजू. कोणाचं काही अडलं नाही." आई लहानपणीच गेलेली, वेण्या घालण्यापासून सगळं ताईनेच केलेलं. मंजिरीला त्या वाक्याचा आधार वाटायचा. ताईने आपल्यासाठी लग्न केलं नाही, म्हणून आपणही तिला सोडून जायचं नाही, असं तिने हळूहळू ठरवून टाकलं होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

दवाखान्यातून बाहेर पडली तेव्हा दिवेलागण होत होती. स्कूटरी अंगाला घासून जात होत्या. ती रिक्षा न करता चालत निघाली. अर्धा चेहरा तिच्या मालकीचा उरला नव्हता. ओठाला हात लावला तर दुसऱ्या कुणाच्या ओठाला लावल्यासारखं वाटत होतं. बूढा तलावाच्या कठड्याशी माणसं भुट्टे खात उभी होती. त्यांतल्या एका बाईने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मंजिरीला वाटलं, हिलाही माहीत आहे. मग वाटलं, किती जणांना माहीत असेल? मराठी मंडळाच्या गणपतीत विनोदिनीकाकू तिला कधीच कसलं काम का सांगत नाहीत? खालचे दुकानदार भैया "दीदी, आप रहने दो" म्हणत सिलेंडर स्वतः वर का आणून देतात? इतकी वर्षं माणसं आपल्याशी चांगली वागतात असं तिला वाटत होतं. त्या चांगुलपणातला एकेक प्रसंग ती आता हातात घेऊन उलटापालटा करून बघत होती, आणि खात्री कशाचीच होत नव्हती. सिलेंडर जड असतो म्हणूनही भैया आणत असतील. हे तर तिला सगळ्यांत भयंकर वाटलं, की आता कुणाचंही साधं प्रेम तिला साधं दिसणार नव्हतं.

घरी ताई टाकीसमोरच होती. भिंतभर पसरलेली ती टाकी आणली तेव्हा तिने किती आदळआपट केली होती. घरात मीठ-पाण्याचं हे कसलं सोंग, म्हणाली होती. पण मंजिरी दिवसभर ऑफिसात, मग पाणी आटलं की भर घालायची ताईनेच, वीज गेली की इन्व्हर्टर बघायचा ताईनेच, मे महिन्यात पाणी तापलं की पंखा लावून बसायचं ताईनेच. शिकता शिकता ती मंजिरीपेक्षा हुशार झाली. पाण्याचा रंग पाहून सांगायची, आज मीठ चढलं आहे. आत्ताही ती चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून, बाही वर करून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभी होती. फुलाची बोटं तुकड्यावर मिटत होती.

"दाढेचं काय झालं? मऊ भात केला आहे तुले. कोणाकडं गेलती?"

"ब्राह्मणपाऱ्यात."

ताईचा हात पाण्यात तसाच राहिला. कोपरापासून थेंब फरशीवर पडत होते.

"मी आजारी आहे का, ताई?" मंजिरीला हे शांतपणे विचारायचं होतं. पण बधिर ओठांतून शब्द लडबडत निघाले, लाळ हनुवटीवर आली, आणि तिचं वाक्य खरोखरच एखाद्या आजारी बाईच्या तोंडचं वाटलं. तिने रुमालाने तोंड पुसलं आणि पुन्हा म्हणाली, "मले एकटं सोडता येत नाही का?"

ताईने हात बाहेर काढला, पदराला पुसला. खुर्चीवर बसली. नाकारायचा प्रयत्न तिने केला नाही. "त्यांनी विचारलं," ती म्हणाली. "या वयात मले कोणी विचारलं, मंजू. मी घाबरली. नाही म्हणायचं होतं अन् नाही म्हणवत नव्हतं. मग तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं, मग ते तसंच चालत राहिलं."

"एकदा?"

ताई ओल्या कोपरावरून पुन्हा पदर फिरवू लागली.

"रणजितलेही तूच सांगितलं होतं. त्याच्या आईलेही. मग जे जे आले त्या सगळ्यांले."

"बाबा जाऊन किती दिवस झाले होते तेव्हा?" ताईचा आवाज एकदम चढला. "हे रिकामं घर, अन् तू साडीले मॅचिंग बांगड्या शोधून राहिली होतीस. तू गेली असती तर मी काय केलं असतं? कोणासाठी उठली असती सकाळी? तुझ्या वेण्या घालता घालता माझं वय निघून गेलं हे दिसलं का तुले कधी?" मग आवाज खाली आला. "अन् मी काय केलं? एक वाक्य बोलली त्याच्यापाशी. एक. म्हटलं, तिले अधूनमधून त्रास होतो. तो रोज तुझ्या शेजारच्या टेबलाशी बसत होता ना? त्याने तुले विचारलं का एकदा तरी? डोळ्यांनी पाहिलं का? एका वाक्यानं पळून गेला. हे डॉक्टर पाहा, अडीच वर्षं झाली, म्हणतात, घेऊन या तिले."

हे मात्र मंजिरीच्या मनात कधी आलं नव्हतं. रणजितचा दार उघडून धरणारा हात तिला दिसला. इतकी वर्षं तिने त्या माणसाला मनात एका बाजूला जपून ठेवलं होतं. मघाशी, डॉक्टरांच्या खुर्चीत, तो आपल्याला परत मिळाला असं तिला क्षणभर वाटलंही होतं, कारण त्याचा दोष नव्हता, त्याला फसवलं होतं. तेवढंही ताईने ठेवलं नाही. आणि ती म्हणत होती ते खरं होतं.

त्यानंतरचे दिवस घरात नुसते भांड्यांचे आवाज होते. ताई डबा भरून टेबलावर ठेवायची, मंजिरी तो तिथेच ठेवून जायची. संध्याकाळी तो धुऊन पालथा घातलेला असायचा. टाकीचं पाणी बदलायचा रविवार आला तेव्हा मात्र दोघींना एकत्र उभं राहावं लागलं. एकीने नळी धरायची, दुसरीने निळ्या ड्रममधलं तयार पाणी हळूहळू सोडायचं. एकटीला ते जमत नसे. दोघी न बोलता पाणी सोडत राहिल्या. फूल आधी आक्रसलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उमललं, जोकरमासे त्यात शिरून अंग घासू लागले. मंजिरीला त्या सुंदर गोष्टीचा संताप आला. तिने नळी जोरात हलवली, तशी ताई सवयीने म्हणाली, "हळू, वाळू उडेल," आणि मंजिरीने खरंच हात हळू केला.

दाढेवर टोपी बसवायला तिला पुन्हा बोलावलं होतं. या वेळी डॉक्टर हातमोजे घालत असतानाच ती म्हणाली, "माझं नाव चेतना नाही. मी मंजिरी. देवश्रीची बहीण. मी सांख्यिकी विभागात अधिकारी आहे. मला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं."

त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि चाकांच्या स्टुलावर बसले. मंजिरी वाट बघत होती. ते चिडतील, ताईला काही वाईट बोलतील, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून तर ती आली होती. पण ते उठले, हात पुन्हा धुतले, नवे मोजे घातले. "उघडा तोंड," म्हणाले. त्यांनी तिची दाढ पहिल्यासारखीच काळजीने पूर्ण केली. चावून दाखवायला सांगितलं, उंचवटा घासला, पुन्हा चावायला सांगितलं. सगळं झाल्यावर, पाठमोरे हत्यारं ठेवताना, ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्यावर काही बंधन नाही घरचं. असंच ना?"

"असंच."

"इतके दिवस मी त्यांची कीव करत होतो," ते म्हणाले. "अन् तुमचीही." मग मोजे काढत, "बरं झालं सांगितलंत. रागवायचं की नाही ते मी पाहीन."

गुरुवारी मंजिरी ऑफिसातून आली तेव्हा ताई तयार होऊन दारात उभी होती. ठेवणीतली, मोरपंखी काठांची साडी. केस धुतलेले. चप्पल पायात, पण पाऊल उंबऱ्याच्या आतच. तिचा फोन हातात होता. डॉक्टरांचा आला असणार.

"त्यांनी बोलावलं आहे," ताई म्हणाली. "आईशी भेट घालून देतो म्हणतात. रागावले होते, पण बोलावलं. तूच सांगितलं ना त्यांले सगळं. आता मी काय कारण सांगू?"

मंजिरी पर्स खांद्यावर तशीच घेऊन उभी.

"तू म्हण, मंजू. जाऊ नको म्हण. नाही जात मी."

ताईच्या चेहऱ्यावर विनवणी होती. ती कशाची होती हे मंजिरीला कळेना. अडव म्हणून की सोड म्हणून. एवढं मात्र कळलं, की आता आपण जे बोलू ते ताई उद्यापासून जगाला सांगेल. मंजिरीने म्हटलं म्हणून थांबली, किंवा मंजिरीने काढून दिलं म्हणून गेली. पुन्हा मंजिरीची तीच जागा, ताईच्या दाराशी कारण म्हणून अडकवून ठेवलेली. तिला ओरडायचं होतं, की एकदा तरी तुझं तू ठरव. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "तुले जायचं आहे का?"

ताईने मान हलवली. हो. मग ती पायऱ्या उतरून गेली. खाली भैयाशी ती काहीतरी बोलल्याचा आवाज आला, मग स्कूटी सुरू झाल्याचा.

मंजिरीने दिवे लावले. पर्स ठेवली, हातपाय धुतले. भात झाकून ठेवलेला होता, वरण कुकरमध्येच होतं. तिला वाटलं होतं तसं मोकळं काही वाटत नव्हतं. इतकी वर्षं ज्याने तिला बांधलं ते खोटं निघालं होतं, आणि तरी ती घरात फिरताना कान खालच्या फाटकाकडे लावून होती. प्रत्येक स्कूटीला ती थबकत होती. नऊच्या सुमारास फोन वाजला तेव्हा तो तिच्या हातातच होता.

"मंजू, शांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, ठेवून घेतलं आहे. त्यांले बरं नाही, सोबत पाहिजे. मी सकाळी येते. वरण गरम करून घे. अन् फुलाले भरवायचं राहिलं आज, फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात कोळंबी आहे." मागे कुणीतरी भांडी लावत होतं, आणि डॉक्टरांचा बारीक आवाज काहीतरी विचारत होता. मग ताईने अगदी हळू, तिला लहानपणी पहिल्यांदा शाळेच्या रांगेत उभं करताना विचारलं असेल तसं, विचारलं, "राहशील ना एकटी?"

"हो," मंजिरी म्हणाली.

"मंजू? आवाज नाही येऊन राहिला. मंजू?"

तिने घसा साफ केला, खुर्चीची पाठ धरली, आणि पुन्हा म्हणायला तोंड उघडलं.